आपल्या हातचा कुर्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मार्च उलटला की पुण्यातल्या शिंप्यांकडे एकच उत्तर मिळतं, 'आता नाही जमायचं.' एकीकडे लग्नसराई, दुसरीकडे शाळांचे गणवेश. २०२२ साली रमजानचा महिना एप्रिलात आला, त्यामुळे ईदच्या कपड्यांचीही त्यात भर पडली होती. मी कापड घेऊन गेलो तर ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कपडे शिवून घेतले, त्यांनी ते हातात न घेताच मान हलवली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. घरी आलो आणि कापडाची पिशवी खाटेवर टाकून कुरकुर करू लागलो.

अम्मी त्याच खाटेवर बसली होती. वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. तिनं पिशवीतलं कापड बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "कुर्ताच शिवायचाय ना? शेरवानी तर नाही. खाटेखालून मशीन काढ. मी सांगते, तू शीव."

मी बावन्न वर्षांचा, बी.ए. झालेला, कवितेची पुस्तकं नावावर असलेला माणूस. तोवर शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा मी कधी लावलं नव्हतं. तरी त्या आठवड्यात माझ्या हातून एक कुर्ता तयार झाला, आणि आजही उन्हाळ्यात मी तो घालतो. तो कसा झाला आणि आपल्यापैकी कुणालाही तो का जमू शकतो, हे आज सांगायचं आहे.

आधी उन्हाळ्याबद्दल. पुण्याची हवा म्हणजे थंड हवा, असा आपला जुना अभिमान. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणू लागले. त्यामुळे गावालाही सिमल्याचा थोडा थंडावा चिकटला असावा. पण २०१९ च्या एप्रिलअखेरीस त्याच शिवाजीनगरला पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता. पंखा आणि कूलर घरात गार करतात. रस्त्यावर, बसथांब्यावर, मंडईत आपल्याबरोबर येतो तो फक्त अंगावरचा कपडा.

कपडा थंडावा देतो म्हणजे नेमकं काय करतो? गारवा त्याच्यात नसतो. गारवा देतो तो घाम. घामाचं पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी वाळायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. म्हणजे कपड्यानं घामाच्या वाटेत यायचं नाही, एवढंच त्याचं काम. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून घामेजल्या अंगावर टेरिकॉटचा शर्ट चिकटतो आणि जीव घाबरा होतो. माझ्या लहानपणी टेरिकॉटचा शर्ट म्हणजे प्रतिष्ठा होती. वडील लग्नाकार्याला तो घालत आणि परत आल्यावर दाराबाहेरच काढत.

पण नुसतं सुती असून भागत नाही. सुती कापड जाड असेल तर ते घाम पिऊन ओलंच राहतं. ते पातळ हवं आणि मुख्य म्हणजे सैल हवं. सैल कपड्याचं महत्त्व सांगणारा एक मजेदार प्रयोग आहे. वाळवंटातले बदाऊन लोक भर उन्हात काळे झगे घालतात, ते का, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला. त्यांनी काळा आणि पांढरा, असे दोन्ही झगे उन्हात तपासले, आणि १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात उत्तर छापलं. काळा झगा जास्त तापतो हे खरं. पण झगा सैल असल्यामुळे आत हवा खेळती राहते आणि ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत वाहून जाते. अंगाला लागणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. म्हणजे रंगाइतकीच, किंबहुना रंगापेक्षा जास्त, महत्त्वाची आहे ती कपडा आणि अंग यांच्यामधली मोकळी जागा.

आपल्या जुन्या कपड्यांना हे ठाऊक होतं. बाराबंदी, बंडी, पैरण, कलीदार कुर्ता, सगळे सैल आणि सगळे जवळपास सरळ तुकड्यांचे. याचं कारण साधं होतं. हातमागाचं कापड पन्ह्याला अरुंद आणि किमतीला महाग. कुणीतरी महिनोन् महिने कातलेलं, विणलेलं कापड गोलाकार कापून चिंध्या करणं कुणाला परवडणार? म्हणून शिंप्यांनी असे बेत काढले की सगळे तुकडे चौकोनी किंवा तिरके निघावेत आणि कापड जवळजवळ वाया जाऊ नये. विलायती पद्धतीच्या शर्टाला खांद्याचा उतार, मुंड्याचा गोल, कॉलर, कफ असतात. ते शिकायला वर्षं लागतात. सरळ तुकड्यांचा कुर्ता शिकायला चार दुपारी लागतात. गरिबीतून आलेली ही युक्ती नवशिक्याच्या पथ्यावर पडते.

आता प्रत्यक्ष कृती.

कापड घेताना दुकानात पहिली परीक्षा करायची. कडेचा एखादा धागा काढून, घरी आणून जाळून पाहायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मलमल अंगाला फार सुख देते, पण ती सुईखाली सरकते, म्हणून पहिल्या कुर्त्याला घेऊ नये. केंब्रिक, पातळ पॉपलीन किंवा पातळ खादी बरी. रविवार पेठेतल्या कापडबाजारात हे सगळं मिळतं. त्यातलं बरंच कापड आपल्या इचलकरंजीसारख्या गावांतून येतं, जिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड असेल तर सव्वादोन मीटर घ्यायचं.

आणल्या आणल्या कात्री चालवायची नाही. रात्रभर पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते शिवण्याआधी आटलं तर बरं.

मग आडवी कड सरळ करायची. त्यासाठी अम्मीनं मला कात्री दिलीच नाही. कडेला छोटी चीर द्यायला लावली आणि म्हणाली, "आता फाड." सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. टेप आणि खडू चुकतील, धागा चुकत नाही. कापड फाटतानाचा तो लांब, कोरडा आवाज मी लहानपणी रोज ऐकला होता. नाना पेठेतल्या आमच्या वाड्यात दोन खोल्या होत्या. त्यातल्या एकीत अम्मीचं हातमशीन, आणि त्या मशीनवर निम्म्या आळीची पोलकी, परकर, लेंगे शिवले जायचे. तिला गिऱ्हाईकं कधी शोधावी लागली नाहीत. फक्त झबल्याचे पैसे ती घेत नसे. बाळाचं पहिलं झबलं नव्या कापडाचं नको, आजीच्या किंवा आईच्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचं हवं, ही रीत आमच्याकडेही होती आणि शेजारच्या काकूंकडेही. जुनं लुगडं घेऊन बाया यायच्या आणि झबलं घेऊन जायच्या.

तर मापं. माझी छाती ३६ इंच. कवीची छाती याहून मोठी असते, असा कुणाचा समज असेल तर तो दूर व्हावा. या मापाला बेत असा. कापडातून १८ इंच रुंद आणि ७८ इंच लांब अशी एक पट्टी फाडून घ्यायची. ती मधोमध दुमडली की पुढचा आणि मागचा भाग एकसंध तयार. खांद्यावर जोड नाही. उरलेली पट्टीही १८ इंच रुंदच आहे. तिच्यातून २२ इंच लांबीच्या दोन बाह्या. राहिलेल्या लांबीतून ९ इंच रुंद आणि ३० इंच लांब असे दोन आयत. प्रत्येक आयत तिरका कापायचा, असा की एका टोकाला ३ इंच आणि दुसऱ्या टोकाला ६ इंच येतील. झाल्या चार कळ्या. वर अरुंद, खाली घेरदार. उरलेल्यातून ४ इंचांचे दोन चौकोन. हे बगलेत बसतात, त्यांना चौबगला म्हणतात. त्याउपर जे राहील त्यात खिसा आणि गळ्याच्या पट्ट्या. संपलं कापड. सगळ्या जोडांना अर्धा इंच धरला, तरी छातीला सहा इंच ढिलाई उरते. तीच वाऱ्याची जागा. तुमची छाती मोठी असेल तर पन्हा मोठा घ्या आणि मधली पट्टी आणि कळ्या त्या हिशेबानं वाढवा.

प्रत्येक काप देण्याआधी अम्मी मला म्हणायची, "कातर ठेव. पाणी पिऊन ये. मग परत माप." पहिल्यांदा मला वाटलं, तिला माझी काळजी. मग कळलं की तिला कापडाची काळजी होती.

शिवण्याचा क्रम असा. आधी गळा, कारण कापड मोकळं असताना तो करायला सोपा. मध्यावर साडेपाच इंच रुंद, पुढं तीन इंच खोल, मागं अर्धाच इंच. गळा लहानच कापावा. तो मागाहून मोठा करता येतो, लहान करता येत नाही. पुढं नऊ-दहा इंचांची चीर देऊन पट्टी लावायची. मग मधल्या पट्टीला खांद्याच्या दोन्ही बाजूंनी बाह्या जोडायच्या. त्यांच्याखाली कळ्यांच्या सरळ कडा. मग बगलेत चौबगला तिरका बसवायचा. दोन बाजू बाहीला, दोन बाजू कळ्यांना. शेवटी मनगटापासून निघून बगलेतून खालपर्यंत एकच लांब टीप. खालचे आठ-नऊ इंच मोकळे सोडायचे, म्हणजे चालताना पाय अडत नाही. मग घेराला आणि बाह्यांना दुमड. मशीनला चौदा नंबरची सुई आणि सुती रीळ पुरतं. मशीन नसेल तर धावदोरा घालून, त्यावर हातानं बखिया टाका घातला तरी कुर्ता होतो, फक्त वेळ लागतो. उघड्या कडा आत दुमडून दुसरी टीप मारायला विसरू नये, नाहीतर चार धुण्यांत दोरे निघतात.

चौबगल्याबद्दल वेगळं सांगायला हवं. सरळ तुकड्यांच्या कपड्याचा सगळा ताण बगलेत येतो. हात वर केला की आख्खा कुर्ता वर ओढला जातो. तो चार इंचांचा चौकोन तिथं बसला की हात मोकळा होतो. जिथं घाम सगळ्यात जास्त, तिथंच कापड सगळ्यात सैल राहतं. सगळ्यात लहान तुकडा, आणि सगळ्यात अवघडही तोच. मला तो जमेना. दोनदा उसवला. तिसऱ्यांदा अम्मीनं कापड माझ्या हातातून घेतलं, खिडकीकडे तोंड करून बसली आणि जवळजवळ बोटांनीच पाहत तो बसवून दिला. मी फक्त सुईत दोरा ओवून दिला.

त्या दुपारी टीप मारता मारता मला शब्दांची गंमत वाटत होती. सुई आणि कातर संस्कृतातून आलेल्या. पायजमा, पैरण, अस्तर फारसीतून. काज आणि इस्त्री पोर्तुगिजांकडून. बटण इंग्रजांचं. एवढ्याशा कुर्त्यात किती गावचे लोक दाटीवाटीनं बसलेत, आणि कुणाचं कुणावाचून चालत नाही. रविवार पेठेतल्या एकाच पांढऱ्या ताग्यातून ईदचे कुर्ते निघतात आणि गणपतीतल्या ढोलपथकांचेही. कापडाला ते कुणाच्या अंगावर जाणार, हे माहीत नसतं.

स्वतःच्या हातच्या कपड्याची गोष्ट पुण्याला नवी नाही. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ सालच्या दिल्ली दरबाराला खादीचे कपडे घालून गेले होते. गांधीजींच्या खादीच्या किती तरी आधीची ही गोष्ट. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं इथं सेवासदन उभं राहिलं, आणि तिथल्या शिवणवर्गांनी बायकांच्या हाती मिळकतीचं साधन दिलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींना १९२४ साली विचारलं गेलं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे कष्ट पाहून एका नवऱ्यानं ते केलं, त्यामागं प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, येरवड्याच्या तुरुंगात असताना, आपल्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. शिवणाऱ्या हातांचं मोल त्यांना तिथंही कळलं असेल. आणि आम्हा कवींनी तर सुई-दोऱ्याला कमी लेखूच नये. नामदेव शिंप्याच्या घरचे, कबीर विणकराच्या.

पहिला कुर्ता ईदच्या दोन दिवस आधी पुरा झाला. अम्मीनं तो उलटा करून आतल्या टिपा चाचपल्या. म्हणाली, "वाकडा आहे. पण तुझा आहे." तिच्याकडून ही शाबासकीच.

पुढच्या जानेवारीत अम्मी गेली. कफनाचं कापड आणायला मी आणि मामा गेलो होतो. दुकानदारानं तागा उलगडला, कडेला छोटी चीर दिली आणि कापड सरळ फाडलं. तोच लांब, कोरडा आवाज. आमच्यात त्या कापडाला नेहमीच्या कपड्यासारखी शिवण नसते. बाह्या नाहीत, खिसा नाही. जन्मभर दुसऱ्यांसाठी टिपा मारणाऱ्या बाईच्या अंगावर शेवटी एकही टीप नव्हती. दुकानात मला ते सहन झालं नाही. मी बाहेर येऊन उभा राहिलो. पैसे मामानं दिले.

त्या उन्हाळ्यात मी दुसरा कुर्ता शिवायला घेतला. सगळं जमलं, चौबगला जमेना. डाव्या बगलेत कापड गोळा होऊन चुणी पडत होती. पहिल्या कुर्त्यात तो तिनं स्वतः बसवला होता आणि मी दोरा ओवण्यात गुंतलो होतो. कसा बसवते, हे मी विचारलंच नव्हतं. पन्नास वर्षं त्या मशीनशेजारी राहून मी एक प्रश्न विचारला नाही. आता कुणाला विचारणार?

मग वाड्यातल्या शेजारच्या काकू आठवल्या. वाडा पडल्यावर त्या मुलाकडे कोथरूडला राहायला गेल्या. एके काळी दुपारची कामं आटोपून त्या अम्मीजवळ शिवण शिकायला येऊन बसत. मी अर्धवट कुर्ता पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. काकूंनी चष्मा लावला, बगल पाहिली आणि हसल्या.

"अरे, तू टीप थेट कोपऱ्यापर्यंत नेलीस. अर्धा इंच आधी थांबायचं. कोपरा मोकळा सोडायचा, कापडाला त्या कोपऱ्यापर्यंत छोटी चीर द्यायची, मग दुसरी बाजू वळवून घ्यायची. कोपरा आपोआप बसतो."

"काकू, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुझ्या आईनंच. माझ्या थोरल्या मुलाच्या मुंजीत त्याचा कुर्ता शिवताना."

कुर्ता तिथंच बसून उसवला आणि त्यांच्या देखत चौबगला बसवला. चुणी गेली. निघताना काकूंनी एक डबा उघडला. त्यात निळसर पडलेलं एक झबलं होतं. तेही अम्मीनंच शिवलेलं, आणि त्याचे पैसे अर्थातच घेतले नव्हते.

तेव्हा मंडळी, या उन्हाळ्यात सव्वादोन मीटर कापड आणा. भिजवा, वाळवा, आणि घरात किंवा शेजारी जिला शिवण येते तिच्याजवळ जाऊन बसा. मशीन तिला चालवू देऊ नका, तुम्ही चालवा. आणि चौबगल्यापाशी आलात की हातातला दोरा बाजूला ठेवून नीट बघून घ्या.